आधी खेळ, मग बोलणे : तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी कार्यशाळा कशी घ्यावी

अंगणवाडीत, बालवाडीत किंवा सोसायटीच्या सभागृहात होणाऱ्या पालक कार्यशाळा बहुतेक ठिकाणी ठरलेल्या वळणाने जातात. दीपप्रज्वलन होते, प्रास्ताविक होते, पाहुण्यांचा सत्कार होतो, खेळाचे महत्त्व सांगणारे पाऊण तासाचे भाषण होते आणि चहा घेऊन सगळे पांगतात. मुलांना या वेळात मदतनीस ताई शेजारच्या खोलीत सांभाळत असतात. पालक मान डोलावतात, घरी जातात आणि त्याच संध्याकाळी चार वर्षांच्या मुलाला पाटीवर ‘अ’ गिरवायला बसवतात. त्यांना बोल लावता येणार नाही, कारण मूल खेळातून शिकते हे त्यांना सांगितले गेले असले तरी शिकत असलेले मूल नेमके काय करत असते हे कोणी दाखवलेले नसते.

म्हणून पुढे दिलेल्या पद्धतीत क्रमाला सर्वांत जास्त महत्त्व आहे. पालक आधी स्वतःच्या मुलासोबत खेळतात, नंतर काही वेळ गप्प राहून पाहतात आणि चर्चा सर्वांत शेवटी होते. हा मार्गदर्शक १२ ते १५ पालक, तेवढीच मुले, दोन तासांचा वेळ आणि घेणाऱ्या किमान दोन व्यक्ती असे गृहीत धरून लिहिला आहे. पालक वीसच्या वर जात असतील तर एकाच दिवशी सर्वांना न बोलावता दोन गट करावेत, कारण गर्दीत कोणालाही आपले मूल नीट पाहता येत नाही.

## टप्पा १ : एकच हेतू ठरवणे

‘बालविकासाची माहिती देणे’ हा कार्यशाळेचा हेतू होऊ शकत नाही, कारण दोन तासांनंतर तो साधला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. पालकांनी घरी जाऊन कोणती एक गोष्ट वेगळी करावी हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. ‘मूल खेळत असताना पालक प्रश्नांचा मारा थांबवतील’, ‘आठवड्यातून चार दिवस मुलाला हाताच्या बोटांचे काम मिळेल’ किंवा ‘रोज दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलासोबत बसतील’ असे हेतू चालतात. आहार, शिस्त, लसीकरण आणि शाळाप्रवेश हे विषय महत्त्वाचे असले तरी याच दोन तासांत कोंबू नयेत.

तपासणी : लिहिलेले वाक्य एखाद्या पालकाला वाचून दाखवावे. ‘म्हणजे मी नक्की काय करायचे?’ असे त्यांनी विचारले तर वाक्य पुन्हा लिहावे.

## टप्पा २ : वेळ आणि निमंत्रण

‘पालक येतच नाहीत’ ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे आधी वेळ तपासून पाहावी. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवलेल्या कार्यशाळेला शेतमजूर आई येऊ शकत नाही आणि कारखान्यात पाळीवर असलेले वडीलही येऊ शकत नाहीत. गावात आठवडी बाजाराचा दिवस, पेरणीचे आणि काढणीचे दिवस टाळावेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, तेव्हा त्यांच्यासाठीची कार्यशाळा त्याआधी घ्यावी लागते. शहरात रविवारची सकाळ बहुधा सोयीची ठरते, पण वस्तीत पाणी कधी येते हे विचारल्याशिवाय वेळ नक्की करू नये.

निमंत्रण प्रत्यक्ष भेटून किंवा आवाजी संदेशाने द्यावे. केवळ व्हॉट्सॲपवर छापील मजकूर टाकला तर ज्यांना वाचायला अडचण आहे ते पालक नेमके बाहेर राहतात. निमंत्रणात तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : मुलाला सोबत आणायचे आहे, खाली बसून खेळायचे आहे आणि मळले तरी चालतील असे कपडे घालायचे आहेत. वडिलांना आणि आजी-आजोबांना नाव घेऊन बोलवावे. ‘पालकांनी यावे’ असे म्हटले की घराघरांतून आईच येते, आणि ज्या घरात मूल दिवसभर आजीजवळ असते तिथे कार्यशाळेतले काहीच पोहोचत नाही.

सावधगिरी : उपस्थितीसाठी भेटवस्तूचे आमिष दाखवू नये. खेळणी किंवा पुस्तके विकणाऱ्यांना त्या दिवशी जागा देऊ नये. विक्रीचे टेबल दिसले की ‘खेळ म्हणजे विकत आणायची गोष्ट’ असा समज पक्का होतो.

## टप्पा ३ : साहित्य आणि चार कोपरे

खोलीत खुर्च्या ठेवू नयेत. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यापुरत्या दोन-तीन पुरेत. सतरंज्या अंथरून चार कोपरे करावेत आणि प्रत्येक कोपऱ्यात चार-पाच जोड्यांना पुरेल एवढे साहित्य ठेवावे.

१. ओतण्याचा आणि भरण्याचा कोपरा. दोन पराती, वाळू किंवा पाणी, वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, फुलपात्रे, गाळणी, नरसाळे. धान्य वापरण्याचा मोह टाळावा. अन्नाशी खेळू नये ही अनेक घरांतली श्रद्धा आहे आणि तिचा मान राखला तर पालक मोकळेपणाने खेळतात.

२. बोटांच्या कामाचा कोपरा. मळलेली शाडूची माती, मटारच्या किंवा वालाच्या शेंगा सोलण्यासाठी, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुनी वर्तमानपत्रे फाडण्यासाठी, बोथट टोकाच्या कात्र्या.

३. रचण्याचा कोपरा. सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे, काड्यापेट्या, रिकामे डबे, पुठ्ठ्याची खोकी. लाकूड वापरण्यापूर्वी पॉलिशपेपरने घासून घ्यावे आणि प्रत्येक तुकड्यावरून स्वतःचा हात फिरवून पाहावा.

४. भातुकलीचा कोपरा. छोटी भांडी, जुन्या ओढण्या आणि साड्यांचे तुकडे, पिशवी, बंद पडलेला फोन, तराजू. ही जागा मुलींची, असे वडिलांना वाटू नये म्हणून इथे दुकानाचे आणि गाडी दुरुस्तीचे साहित्यही मिसळून ठेवावे.

अंगणवाडीत ‘आकार’ अभ्यासक्रमाचे साहित्य असेल तर तेही वापरता येईल, पण निम्म्याहून अधिक वस्तू घरात सापडणाऱ्या असाव्यात. बाजारातले रंगीत साहित्य पाहून पालक ‘आमच्याकडे हे नाही’ असे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

सावधगिरी : चिंचोके, मणी, गजगे, बटणे या वस्तू तीन वर्षांखालील भावंड सोबत असेल तर खोलीत ठेवू नयेत. चार सेंटिमीटरपेक्षा लहान, सहज तोंडात जाईल अशी कोणतीही वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. चपट्या गोल बॅटरीची किंवा सुट्या लोहचुंबकाची खेळणी तर कोणत्याच वयासाठी आणू नयेत. पाण्याच्या परातीजवळ एक मोठी व्यक्ती सतत बसलेली हवी.

## टप्पा ४ : रंगीत तालीम

आदल्या दिवशी दोन-तीन मुलांना घेऊन चारही कोपरे प्रत्यक्ष चालवून पाहावेत. कोणत्या कोपऱ्यात मुले भांडतात, कुठे साहित्य कमी पडते, पाणी कुठे सांडते हे तेव्हाच कळते. घेणाऱ्या दोघींनी किंवा दोघांनी कामे वाटून घ्यावीत : एकाने पालकांशी बोलायचे, दुसऱ्याने मुलांकडे आणि घड्याळाकडे पाहायचे.

## टप्पा ५ : पहिली १५ मिनिटे

व्यासपीठ, हार आणि माईक नको. अधिकारी किंवा सरपंच येणार असतील तर त्यांनाही एखाद्या कोपऱ्यात खेळायला बसवावे, आणि दोन शब्द बोलायचेच असतील तर ते शेवटी बोलावेत. आलेल्या प्रत्येक जोडीला थेट कोपऱ्याकडे न्यावे, उशिरा येणाऱ्यांसाठी इतरांना थांबवून ठेवू नये. सर्व जमल्यावर एखादा टाळ्यांचा किंवा बोटांचा पारंपरिक खेळ घ्यावा, आणि तो आजींकडून घेतला तर उत्तम. ज्या आजी ‘मला यातले काय कळते’ म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या असतात, त्यांच्याकडेच हे खेळ सर्वांत जास्त असतात.

पावरी, कोरकू, गोंडी, वारली किंवा अन्य भाषा बोलणारी कुटुंबे असतील तर हा पहिला खेळ त्यांच्या भाषेत घ्यावा. घरची भाषा इथे चालते हे सांगण्यापेक्षा ती सर्वांसमोर वापरली गेलेली पालकांनी पाहणे अधिक परिणामकारक असते. सूचना प्रमाण मराठीत द्याव्या लागल्या तरी मुलाशी खेळताना पालकांनी घरी बोलतात तसेच बोलावे, हे स्पष्ट सांगावे.

## टप्पा ६ : मुलासोबत खेळ, ४० मिनिटे

आता पालकांना एकच सूचना द्यावी : ‘मूल जिथे जाईल तिथे त्याच्या शेजारी बसा आणि ते जे करते आहे त्यात सामील व्हा.’ एवढेच. कोणत्या कोपऱ्यातून काय शिकायचे याचे फलक लावू नयेत, नाहीतर पालक मुलाकडे पाहण्याऐवजी फलकावरचे उद्दिष्ट पुरे करू लागतात.

पहिल्या दहा मिनिटांत जवळजवळ सगळीकडे एकच चित्र दिसते. मूल वाटीतून वाळू ओतत असते आणि पालक विचारत असतात, ‘हा कोणता रंग? किती वाट्या झाल्या? इंग्लिशमध्ये काय म्हणतात?’ मूल एका शब्दात उत्तर देते किंवा उठून दुसरीकडे जाते. या वेळी पालकाला सर्वांसमोर टोकू नये. शेजारी जाऊन बसावे आणि बोलण्याची दुसरी तऱ्हा स्वतः करून दाखवावी. मूल वाळू ओतत असेल तर फक्त म्हणावे, ‘तू मोठ्या वाटीतून छोट्या वाटीत ओततोयस. अरे, सांडायला लागली.’ आणि थांबावे. मनात पाचपर्यंत मोजावे. या थांबण्यात मूल बहुधा स्वतःहून काहीतरी बोलते : ‘यात मावत नाही’, ‘अजून थोडी’, ‘ही भरली’. जास्त-कमी, मावणे-न मावणे, आधी-नंतर या कल्पना मुलाच्या तोंडून अशा येतात, आणि पुढे गणितात याच लागतात.

दुसरी वारंवार होणारी चूक म्हणजे मुलाचे काम पालकाने पुरे करणे. मनोरा कलला की वडील हात पुढे करून सरळ करतात, शेंग सोलली जात नाही म्हणून आई सोलून देते. मुलाने मदत मागितली नसेल तर हात मागे ठेवायचा, आणि मागितली तर काम पूर्ण न करता एक पायरी सोपी करून द्यायची : शेंगेचे टोक मोडून द्यावे, सोलायचे काम मुलाने करावे.

तिसरी चूक तुलनेची. ‘बघ, ती कशी छान करते’ हे वाक्य कानावर पडले की विषय हळूच बदलावा आणि ते चर्चेसाठी लक्षात ठेवावे.

भातुकलीच्या कोपऱ्याला घाई करू नये. तिथे मुले उशिरा रमतात, पण एकदा रमली की सर्वांत लांब वाक्ये तिथेच ऐकू येतात. मूल डॉक्टर होते, गिऱ्हाईक होते, रागावलेली आई होते आणि प्रत्येक भूमिकेत वेगळी भाषा वापरते. पालकाने इथे मुलाने दिलेली भूमिका घ्यावी. मूल ‘तू बाळ’ म्हणाले तर बाळ व्हावे. खेळाची सूत्रे आपल्याकडे घेऊ नयेत.

तपासणी : खोलीत मोठ्यांचे आवाज मुलांच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू येत असतील तर पालक अजून शिकवत आहेत असे समजावे. आणखी दहा मिनिटे द्यावीत आणि पुढचा टप्पा तेवढा उशिरा सुरू करावा.

## टप्पा ७ : दहा मिनिटे गप्प पाहणे

हा टप्पा सर्वांत अवघड आहे आणि वेळ कमी पडला की बहुतेक आयोजक हाच गाळतात. तो कधीही गाळू नये. पालकांना मुलापासून दोन-तीन हात मागे बसायला सांगावे. दहा मिनिटे काहीही बोलायचे नाही, सुचवायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. फक्त तीन गोष्टी पाहायच्या : मूल कोणत्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जाते, कुठे अडते, आणि अडल्यावर काय करते. मूल पालकाकडे आले तर त्याला जवळ घ्यावे, कोणीही रडणाऱ्या मुलाला दूर ठेवण्याचा हा प्रयोग नाही.

लिहिता येणाऱ्यांना कागद द्यावा, पण सक्ती करू नये. ‘चार वेळा मनोरा पडला, पाचव्यांदा मोठा डबा खाली ठेवला’ एवढे एक निरीक्षण हाती आले तरी पुढची चर्चा त्यावर उभी राहते.

## टप्पा ८ : चर्चा, ३० मिनिटे

मुलांनी दुसऱ्या व्यक्तीसोबत त्याच खोलीत किंवा व्हरांड्यात, पालकांच्या नजरेसमोर खेळत राहावे. चर्चेची सुरुवात ‘काय वाटले?’ या प्रश्नाने केली तर ‘छान वाटले’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे, ‘तुमचे मूल कुठे अडले आणि मग त्याने काय केले?’ चार-पाच पालकांनी सांगितले की त्या निरीक्षणांना शिकण्याची नावे द्यावीत, त्याआधी देऊ नयेत.

काही प्रश्न ठरलेलेच येतात. त्यांची तयारी करून जावे.

‘खेळतच राहिला तर लिहायला कधी शिकणार?’ या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पालकांची खरी काळजी इथे आहे. पेन्सिल धरण्याआधी खांदा, मनगट आणि बोटे यांच्यात बळ व ताबा यावा लागतो. माती मळणे, शेंगा सोलणे, चिमटा दाबणे, कात्रीने कापणे ही त्याचीच तयारी आहे. साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुले पाहून गोल काढू लागतात, चौकोन चार-साडेचारच्या आसपास आणि त्रिकोण पाचच्या आसपास जमतो. काही मुले आधी, काही नंतर. ज्या मुलाला अजून तिरकी रेघ काढता येत नाही त्याला ‘अ’ गिरवायला लावले तर ते अक्षर शिकत नाही, लिहिण्याचा कंटाळा शिकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर खेळावर आणि कृतीवर आधारित ठेवला आहे, हे सांगितले तर शाळेच्या दडपणाखाली असलेल्या पालकांना आधार मिळतो.

‘आमच्या मुलाला शंभरपर्यंत पाढ्यासारखे अंक येतात.’ कौतुक करावे आणि त्याच पालकांना घरी एक गोष्ट करून पाहायला सांगावे : मुलाकडे ‘मला सात चमचे दे’ असे मागायचे. अंक पाठ असलेली बरीच मुले इथे मूठभर चमचे उचलून देतात. अंक म्हणणे आणि वस्तू मोजणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांना या एका कृतीतून जेवढे समजते तेवढे स्पष्टीकरणातून समजत नाही. सर्वांसमोर मात्र कोणाच्याही मुलाची अशी परीक्षा घेऊ नये.

‘मोबाईल दिल्याशिवाय जेवत नाही.’ भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा पडद्यावरील वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. हे सांगून थांबू नये. जेवणापासून सुरुवात करावी, कारण तिथे मुलाला बदली काम देता येते : ताटे मांडणे, कोथिंबीर निवडणे, पाणी वाढणे. पहिले काही दिवस मूल कमी जेवेल आणि चिडेल, हेही पालकांना आधीच सांगावे. न सांगितल्यास तिसऱ्या दिवशी मोबाईल परत येतो.

‘घर लहान आहे, बाहेर गाड्या आहेत, खेळणार कुठे?’ ही अडचण खरी आहे. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटांची हालचाल सुचवते आणि त्यातली ६० मिनिटे धावण्या-उड्या मारण्यासारखी जोमाची असावीत असे सांगते. हा वेळ सलग लागत नाही. जिना चढणे, बादली उचलणे, गच्चीवर पळणे हे सगळे त्यात धरता येते. एकाच चाळीतल्या तीन-चार घरांनी आळीपाळीने मुलांना मैदानावर न्यावे, अशी जुळणी त्याच बैठकीत करून द्यावी.

सावधगिरी : एखादे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, वयाच्या मानाने फारच कमी बोलते किंवा इतरांकडे पाहत नाही असे जाणवले, तर त्याबद्दल गटात एक शब्दही काढू नये आणि निदान करण्याच्या भानगडीत पडू नये. कार्यशाळेनंतर त्या पालकांशी एकांतात बोलावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत तपासणी करतात. पुढील फेरीची वाट पाहण्याजोगी स्थिती नसेल तर आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे लगेच जायला सांगावे.

## टप्पा ९ : घरी न्यायची एक गोष्ट

माहितीपत्रकांचा गठ्ठा देऊ नये. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या आवडीवरून एकच खेळ निवडावा आणि तो रोजच्या कोणत्या कामाला जोडणार हे मोठ्याने सांगावे : ‘मी भाजी निवडताना तिला शेंगा सोलायला देईन’, ‘मी कामावरून आल्यावर चहा होईपर्यंत त्याच्यासोबत डबे रचीन’. ‘वेळ मिळेल तेव्हा खेळेन’ हे उत्तर स्वीकारू नये, हळुवारपणे विचारून एक ठराविक वेळ काढून घ्यावी. जे ठरले ते आयोजकांनी वहीत लिहून ठेवावे.

निघताना मुलांना आणि पालकांना मिळून साहित्य आवरायला लावावे. वाट्या वाट्यांत, डबे डब्यांत लावणे हेही वर्गीकरणाचे काम आहे, आणि आवरणे हा खेळाचाच भाग आहे हे घरी नेण्यासारखे आहे.

तपासणी : मुलांचे फोटो कोणत्याही गटात टाकण्यापूर्वी प्रत्येक पालकाची परवानगी घेतली आहे का, हे पाहावे.

## टप्पा १० : पंधरा दिवसांनंतरची भेट

ही भेट अर्ध्या तासाची असली तरी पुरते, आणि तिची तारीख कार्यशाळेच्या दिवशीच जाहीर करावी. वही उघडून प्रत्येकाला त्याने ठरवलेल्या गोष्टीबद्दलच विचारावे. ज्यांना जमले नाही त्यांना जाब विचारू नये. आड काय आले ते विचारावे आणि खेळ बदलावा किंवा वेळ बदलावी. बहुतेक वेळा सासूबाईंना पसारा नको असतो, संध्याकाळी वीज नसते, किंवा मोठ्या भावंडाचा अभ्यास त्याच खोलीत चालू असतो. अशा अडचणींवर दुसऱ्या पालकाने काढलेला मार्ग आयोजकांच्या सल्ल्यापेक्षा लवकर पटतो, म्हणून बोलण्याची संधी त्यांना द्यावी.

वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवावेत : काय ठरवले होते, काय घडले, मुलात काय दिसले. तिसऱ्या रकान्यात ‘हुशार झाला’ असे न लिहिता ‘आता शेंगेचे टोक स्वतः मोडतो’ असे लिहावे. पुढच्या कार्यशाळेचा हेतू ठरवायला बसताना हाच रकाना समोर ठेवावा.